बूट होताना एफएससीके अडलं: ‘वाय’ दाबण्याआधीची आणि नंतरची कामं

संगणक सुरू केला, लोगो दिसला आणि डेस्कटॉपऐवजी काळ्या पडद्यावर एक ओळ येऊन थांबली: ‘अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली’. एफएससीके म्हणजे फाइल सिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड. लिनक्स वापरणाऱ्याच्या वाट्याला ही ओळ कधी ना कधी येतेच. घाईघाईने फोनवर शोधलं की पहिलं उत्तर मिळतं, एफएससीकेला ‘-वाय’ (प्रत्येक प्रश्नाला आपोआप ‘हो’) लावा आणि मोकळे व्हा. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतंही. पण जेव्हा होत नाही, तेव्हा हीच कमांड उरलासुरला डेटाही घालवते. मी एकदा शेवटचे आचके देणाऱ्या हार्ड डिस्कवर ‘-वाय’ चालवून रात्रभर झोपलो होतो. सकाळी फाइल सिस्टम अगदी ‘क्लीन’ होती आणि माझे फोल्डर गायब होते. म्हणून या लेखात दुरुस्तीच्या कमांडपेक्षा त्या कोणत्या क्रमाने वापरायच्या यावर जास्त भर आहे.

एक खुलासा. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. उदाहरणांतलं ‘/डेव्ह/एसडीए२’ म्हणजे पहिल्या डिस्कचं दुसरं पार्टिशन. तुमच्याकडे एनव्हीएमई एसएसडी असेल तर तेच ‘/डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी२’ असं दिसेल.

एफएससीके नेमकं काय तपासतं

फाइल सिस्टम म्हणजे गोदाम आणि त्याची हिशेबाची वही. तुमचे फोटो, कागदपत्रं हा गोदामातला माल. कोणता माल कुठल्या खणात आहे, कोणता खण रिकामा आहे, कोणत्या फोल्डरात कुठलं नाव आहे, या नोंदी वहीत. एफएससीके वही तपासतं, माल उघडून बघत नाही. एकच खण दोन फाइलींच्या नावावर लागलेला दिसला, रिकामा म्हणून नोंदलेला खण प्रत्यक्षात भरलेला निघाला, की ते हिशेब जुळवतं. हिशेब जुळवण्यासाठी एखादी नोंद खोडावी लागली तर खोडतं. त्याच्या लेखी काम फत्ते झालेलं असतं, तुमची फाइल मात्र गेलेली असू शकते.

ईएक्सटी२ या लिनक्सच्या जुन्या फाइल सिस्टममध्ये मशीन अचानक बंद पडलं की दर वेळी अख्खी वही पहिल्यापासून तपासावी लागायची. ईएक्सटी३ आलं, २००१ साली ते मुख्य लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, सामील झालं, आणि जर्नल नावाची सोय मिळाली. आपल्याकडची कीर्द-खतावणीची पद्धत हीच: बदल आधी कीर्दीत टिपायचा, मग खतावणीत चढवायचा. वीज गेली तरी पुढच्या वेळी कीर्द वाचून राहिलेल्या नोंदी पुऱ्या करता येतात. २००८ च्या डिसेंबरात कर्नल २.६.२८ बरोबर ईएक्सटी४ स्थिर म्हणून जाहीर झालं, त्यातही हीच व्यवस्था आहे.

यातून एक कामाचा निष्कर्ष निघतो. निव्वळ वीज गेल्यामुळे ईएक्सटी४ सहसा हाताने दुरुस्त करायच्या अवस्थेला येत नाही. कीर्द वाचली जाते, दोन-चार सेकंदांत सगळं जागेवर येतं. एफएससीके जेव्हा ‘मला माणूस हवा’ म्हणतं, तेव्हा काहीतरी अधिक बिघडलेलं असण्याची शंका घ्यावी: डिस्क, केबल, रॅम, किंवा ‘लिहिलं’ असं सांगून प्रत्यक्षात न लिहिणारा एखादा स्वस्त एसएसडी.

पहिलं काम: कुठे थांबलंय ते ओळखा

कशालाही हात लावण्याआधी पडद्याचा फोटो काढा. पुढे स्क्रोल होऊन गेलेली ओळच नेमकी हवी असते.

‘इनिटरॅमएफएस’ हे नाव कंसात लिहिलेला प्रॉम्प्ट दिसत असेल, तर रूट पार्टिशन (जिथे मुख्य सिस्टम असते ते) अजून माउंटच झालेलं, म्हणजे वापरासाठी जोडलंच गेलेलं नाही. डेबियन आणि उबुंटूच्या घराण्यात हे दिसतं. तिथे नुसतं ‘एक्झिट’ टाइप करून एंटर दाबा. मशीन पुन्हा प्रयत्न करतं आणि बहुधा त्याच जागी येऊन सांगतं की अमुक पार्टिशनवर हाताने एफएससीके चालवावं लागेल. पार्टिशनचं नाव असं फुकटात कळतं. फेडोराच्या घराण्यात हाच प्रकार ‘ड्रॅकट’ नावाच्या प्रॉम्प्टने येतो.

‘वेलकम टू इमर्जन्सी मोड’ दिसत असेल, तर बहुतेक वेळा रूट ठीक आहे आणि दुसरंच एखादं पार्टिशन, म्हणजे होम, डेटा डिस्क किंवा बूटचं छोटं पार्टिशन, अडलेलं आहे. त्याआधी ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ म्हणत दीड मिनिटाचं घड्याळ फिरलं असेल, तर तो फाइल सिस्टमचा बिघाड नसण्याचीच शक्यता मोठी. सिस्टमडी (बूटची कामं सांभाळणारा प्रोग्रॅम) ९० सेकंद एखाद्या डिस्कची वाट बघत होतं आणि ती डिस्क आलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

संदेशात ‘एक्झिट स्टेटस’ किंवा ‘स्टेटस कोड’ म्हणून आकडा असेल तर तो वाचा. ० म्हणजे काही चूक नाही. १ म्हणजे चुका होत्या, दुरुस्त केल्या. २ म्हणजे दुरुस्त केल्या, आता मशीन रीबूट करा. ४ म्हणजे चुका तशाच राहिल्या. ८ म्हणजे तपासणीच नीट होऊ शकली नाही. हे आकडे एकमेकांत मिळवलेले असतात, त्यामुळे १२ दिसले तर ते ८ अधिक ४. माझ्या मते ४ आणि ८ यांतला फरक सगळ्यात महत्त्वाचा: ४ म्हणजे वहीत गडबड सापडली आहे; ८ म्हणजे वहीच हाती लागली नाही. डिव्हाइस सापडलं नाही, ते आधीच वापरात होतं, किंवा डिस्क वाचता आली नाही. ८ वर ‘-वाय’ मारून काही होत नाही.

वही, डिस्क की नुसता पत्ता?

इथून तीन वाटा फुटतात. सगळ्यात स्वस्त शक्यता आधी तपासा. इमर्जन्सी मोडमध्ये रूटचा पासवर्ड देऊन आत जा आणि या दोन कमांड चालवा:

एलएसबीएलके -एफ
कॅट /ईटीसी/एफएसटॅब

पहिली कमांड प्रत्यक्षात दिसणाऱ्या डिस्क, त्यांच्या फाइल सिस्टमचे प्रकार आणि यूयूआयडी, म्हणजे प्रत्येकीचा ओळख क्रमांक, दाखवते. दुसरी दाखवते की बूट होताना काय-काय माउंट करायचं असं तुम्ही लिहून ठेवलंय. दोन्हींतले यूयूआयडी जुळवून बघा. पार्टिशन नव्याने फॉरमॅट केलं, स्वॅप पुन्हा बनवलं, बाहेरची यूएसबी डिस्क काढून ठेवली, की एफएसटॅबमधला पत्ता जुना राहतो आणि बूट तिथे अडतं. मग फाइल सिस्टम दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, पत्ता बदलायचा असतो. रूट फक्त वाचण्यापुरतं माउंट असेल तर आधी ते लिहिण्याजोगं करा:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

मग एफएसटॅब नॅनोने उघडून यूयूआयडी दुरुस्त करा किंवा त्या ओळीच्या सुरुवातीला # लावा. सेव्ह केल्यावर ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ आणि मग रीबूट.

एफएसटॅबच्या ओळीतला सहावा रकाना लक्षात ठेवा. तिथे ० असेल तर ते पार्टिशन बूटच्या वेळी तपासलं जात नाही. रूटसाठी १ लिहितात, बाकीच्यांसाठी २. काही जण एफएससीकेचा त्रास नको म्हणून सगळीकडे ० करून टाकतात. तापमापी फोडून ताप उतरत नाही. मात्र कायम जोडलेल्या नसलेल्या डिस्कला चौथ्या रकान्यात ‘नोफेल’ हा पर्याय जरूर द्यावा. मग ती डिस्क नसली तरी मशीन अडत नाही.

पत्ता बरोबर असेल, तर पुढचा प्रश्न डिस्कचा. कर्नलचा लॉग बघा:

डीएमईएसजी | ग्रेप -आय एरर

‘आय/ओ एरर, डेव्ह एसडीए, सेक्टर’ आणि पुढे मोठा आकडा अशा ओळी असतील तर हात आवरा. डिस्क काही जागा वाचूच शकत नाहीये. अशा डिस्कवर एफएससीके चालवणं म्हणजे पानं फाटत असताना वहीत खाडाखोड करणं. न वाचता आलेली नोंद ‘चुकीची’ समजून खोडली जाईल, आणि दुरुस्तीच्या वाचन-लेखनाने डिस्कवर आणखी ताण येईल.

डिस्कची तब्येत पाहण्यासाठी स्मार्टसीटीएल लागतं. ते इनिटरॅमएफएसमध्ये नसतं, म्हणून कुठल्याही लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून (डिस्कऐवजी स्वतःवरूनच लिनक्स चालवणारा पेनड्राइव्ह) मशीन सुरू करा:

स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए

त्या लांबलचक तक्त्यातल्या सगळ्या ओळी वाचत बसू नका. ५ क्रमांकाची ओळ सांगते की किती सेक्टर खराब होऊन राखीव जागेत हलवले गेले. १९७ म्हणजे वाचता न येणारे, निर्णयासाठी ताटकळलेले सेक्टर. १९८ म्हणजे हाताबाहेर गेलेले. १९७ किंवा १९८ मध्ये शून्याऐवजी दुसरं काही असेल आणि पडद्यावर एफएससीकेची तक्रार असेल, तर मी त्या डिस्कवर विश्वास ठेवत नाही. १९९ मात्र वेगळी गोष्ट सांगते: डिस्क आणि मदरबोर्डमधल्या देवाणघेवाणीतल्या चुका. तो आकडा वाढत असेल तर आधी साटा केबल बदला. केबलच्या पापाचं खापर डिस्कवर फोडलं गेल्याचं मी बरंच पाहिलंय. एनव्हीएमईवर हे क्रमांक नसतात. तिथे ‘क्रिटिकल वॉर्निंग’ आणि ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ या दोन ओळी शून्य आहेत का ते बघायचं. आणि ‘हेल्थ टेस्ट पास्ड’ लिहिलंय म्हणून निश्चिंत होऊ नका. डिस्क मरायला टेकलेली असतानाही ती ओळ ‘पास्ड’ म्हणू शकते.

डिस्क संशयास्पद असेल तर आधी नक्कल

तेवढीच किंवा मोठी दुसरी डिस्क जोडा आणि ग्नू डीडीरेस्क्यूने पूर्ण नक्कल काढा:

डीडीरेस्क्यू -एफ -एन /डेव्ह/एसडीए /डेव्ह/एसडीबी रेस्क्यू.मॅप

आधी स्रोत, मग जिथे लिहायचं ती डिस्क. हा क्रम उलटा झाला तर कोरी डिस्क तुमच्या डेटावर उतरेल, म्हणून एंटर दाबण्याआधी ‘एलएसबीएलके’ने आकारमान आणि मॉडेल पुन्हा पडताळा. तिसरं नाव म्हणजे नकाशाची फाइल. ती या दोन्ही डिस्क सोडून तिसरीकडे ठेवायची, आणि लाइव्ह यूएसबीच्या तात्पुरत्या मेमरीत नको, कारण रीबूट झालं की ती जाते. कोणता भाग आला, कोणता राहिला हे त्या फाइलमध्ये टिपलेलं असतं, त्यामुळे काम मध्येच थांबलं तरी पुन्हा तिथूनच सुरू होतं.

‘-एन’ मुळे पहिल्या फेरीत सोपा भाग भराभर येतो आणि खराब जागांशी झटापट होत नाही. ती संपली की उरलेल्या जागांसाठी दुसरी फेरी:

डीडीरेस्क्यू -एफ -डी -आर३ /डेव्ह/एसडीए /डेव्ह/एसडीबी रेस्क्यू.मॅप

मग जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा आणि यापुढची दुरुस्ती नकलेवर करा. दोन्ही एकाच वेळी जोडलेल्या राहिल्या तर दोघींचे यूयूआयडी सारखेच असल्याने मशीनचा गोंधळ होतो.

डिस्कमधून खट-खट आवाज येत असेल आणि आतला डेटा मोलाचा असेल, तर हेही करू नका. वीज बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या.

आता दुरुस्ती

डिस्क ठीक आहे, पत्ता बरोबर आहे, म्हणजे गडबड वहीतच आहे. इथे एकच नियम काटेकोर आहे: माउंट असलेल्या फाइल सिस्टमवर दुरुस्ती चालवायची नाही. कर्नल एकीकडे वहीत लिहितोय आणि दुसरीकडून एफएससीके तीच वही सुधारतंय, असं झालं की दोघं मिळून तिची वाट लावतात. ई२एफएससीके (ईएक्सटी घराण्यासाठीचं एफएससीके) स्वतःच तारांकित अक्षरांत धोक्याची सूचना देऊन विचारतं, तेव्हा ‘नाही’ म्हणा. माउंट आहे का ते ‘फाइंडएमएनटी’ने कळतं, आणि ‘युमाउंट’ने सोडवता येतं. युमाउंटचं स्पेलिंग यू-माउंट असं आहे, अन-माउंट नाही. पहिल्यांदा सगळेच तिथे चुकतात.

रूट पार्टिशन चालू सिस्टममधून सोडवता येत नाही. इनिटरॅमएफएसच्या प्रॉम्प्टवर असाल तर प्रश्न नाही, ते अजून माउंटच झालेलं नसतं. एरवी लाइव्ह यूएसबी हा सगळ्यात निर्धोक मार्ग.

पहिली फेरी फक्त बघण्याची:

ई२एफएससीके -एफ -एन /डेव्ह/एसडीए२

‘-एन’ म्हणजे प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर. डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. ‘-एफ’ म्हणजे वर ‘क्लीन’ लिहिलेलं असलं तरी तपास. एक बारकावा: ‘-एन’ लावल्यावर कीर्दीतल्या अर्धवट नोंदी पुऱ्या केल्या जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात असतील त्याहून जास्त चुका दिसू शकतात. संख्या बघून धास्ती घेऊ नका, चुकांची जात बघा.

तपास ५ टप्प्यांत चालतो. पहिल्यात आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलचं मूळ नोंदकार्ड. दुसऱ्यात फोल्डरांची रचना. तिसऱ्यात प्रत्येक फोल्डर रूटपर्यंत जोडलेला आहे का. चौथ्यात एका फाइलला किती नावं आहेत त्याची मोजदाद. पाचव्यात रिकाम्या-भरलेल्या खणांची गोळाबेरीज. नुसत्या पाचव्या टप्प्यात ‘फ्री ब्लॉक्स काउंट राँग’ किंवा ‘बिटमॅप डिफरन्सेस’ दिसले तर बेरीज चुकलीये एवढंच, माल जागेवर आहे. पहिल्या टप्प्यात ‘इल्लीगल ब्लॉक’ किंवा ‘मल्टिप्लाय-क्लेम्ड ब्लॉक्स’ यांची रांग लागली, तर नोंदकार्डंच खराब झालेली आहेत. दुसऱ्या प्रकारात एकाच जागेवर दोन फाइली हक्क सांगतात आणि त्यांतली निदान एक तरी खराब निघते. असं दिसलं तर डिस्क कितीही निरोगी असली तरी दुरुस्तीआधी नक्कल काढा. ते जमण्याइतकी जागा नसेल तर निदान पूर्वस्थितीची फाइल ठेवा:

ई२एफएससीके -एफ -झेड /एमएनटी/यूएसबी/अनडू.फाइल /डेव्ह/एसडीए२

‘-झेड’ मुळे बदलल्या जाणाऱ्या प्रत्येक ब्लॉकची जुनी प्रत त्या फाइलमध्ये जाते. दुरुस्ती अंगाशी आली तर ‘ई२अनडू’ने मागे फिरता येतं. ती फाइल अर्थातच दुसऱ्या डिस्कवर हवी. हा पर्याय इतका उपयोगी असून इतक्या कमी लोकांना माहीत असावा, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मग प्रत्यक्ष दुरुस्ती. आधी सौम्य:

ई२एफएससीके -एफ -पी /डेव्ह/एसडीए२

‘-पी’ फक्त निर्विवाद चुका सुधारतं आणि निर्णय लागणारी चूक आली की थांबतं. बूटच्या वेळी आपोआप हेच चालतं, म्हणून त्याने मान टाकली असेल तर दुसरा कोणताच पर्याय न देता, फक्त ‘-एफ’ लावून चालवा. आता ते प्रत्येक चुकीला ‘फिक्स?’ किंवा ‘क्लिअर?’ विचारेल. ‘फिक्स’ला हो म्हणायला सहसा हरकत नसते. ‘क्लिअर’ म्हणजे ती नोंद पुसणार. एखाद-दुसरी असेल तर ठीक, शंभर येऊ लागल्या तर कंट्रोल-सी दाबून थांबा आणि नक्कल काढली आहे ना ते आठवा. प्रश्न एकाच जातीचे आणि निरुपद्रवी आहेत अशी खात्री पटली की ‘ए’ दाबा, बाकीच्यांना आपोआप ‘हो’ मिळतं. ‘-वाय’ची जागा इथे, इतकं सगळं झाल्यावर.

मोठ्या डिस्कवर हे काम तासन्‌तास चालू शकतं. कॅपिटल सी घेऊन ‘-सी ०’ जोडलं तर प्रगतीची पट्टी दिसते आणि मशीन गोठलंय असं वाटून कोणी बटण दाबत नाही. संपल्यावर तीच कमांड ‘-एफ’सह पुन्हा चालवा. दुसऱ्या फेरीत चूक निघायला नको. निघाली, आणि दर फेरीत नवीनच निघत राहिली, तर वहीचा नाद सोडून रॅम आणि केबलकडे वळा.

आतच शिरता येत नसेल

उबुंटूसारख्या सिस्टममध्ये रूटला पासवर्ड नसतो, त्यामुळे इमर्जन्सी मोड ‘रूट अकाउंट इज लॉक्ड’ म्हणून दारातच उभं करतो. लाइव्ह यूएसबी हाताशी नसेल तर ग्रबच्या, म्हणजे बूटच्या सुरुवातीला येणाऱ्या, मेनूवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी हे जोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा:

एफएससीके.मोड=फोर्स एफएससीके.रिपेअर=यस

हे फक्त त्या एका बूटपुरतं असतं आणि ‘-वाय’सारखंच वागतं, म्हणजे वरचे सगळे इशारे लागू. दूरच्या सर्व्हरवर, जिथे फक्त कन्सोल मिळतो, तिथे याचा मोठा आधार. क्लाउडवरच्या मशीनचा कन्सोलही मिळत नसेल तर तिची डिस्क काढून दुसऱ्या चालू मशीनला जोडा आणि तिथे दुरुस्त करा. आधी स्नॅपशॉट घेतला तर ती नक्कल आयतीच मिळाली.

‘एफएससीके.मोड=स्किप’ही आहे. तपासणी टाळून मशीन सुरू करणारा हा पर्याय मी दुरुस्तीसाठी कधीच सुचवत नाही, कारण बिघडलेल्या वहीत नव्या नोंदी चढू लागतात. तातडीची फाइल काढायची असेल तर लाइव्ह यूएसबीवरून ‘माउंट -ओ आरओ,नोलोड’ वापरून ते पार्टिशन फक्त वाचण्यासाठी उघडा. ‘नोलोड’ मुळे कीर्दही हलवली जात नाही.

‘बॅड मॅजिक नंबर इन सुपर-ब्लॉक’

सुपरब्लॉक म्हणजे फाइल सिस्टमची मूळ माहिती असलेलं वहीचं पहिलं पान. हा संदेश बघून सुपरब्लॉक मेला असं लगेच मानू नका. निम्मा घोळ टाइप करण्यातला असतो: ‘एसडीए२’ऐवजी अख्खी ‘एसडीए’ दिली गेली, किंवा ते पार्टिशन ईएक्सटी४ नाहीच. ‘एलएसबीएलके -एफ’ मध्ये प्रकार बघा. ‘क्रिप्टो_लक्स’ असेल तर आधी ‘क्रिप्टसेटअप’ने कुलूप उघडावं लागेल, ‘एलव्हीएम२_मेंबर’ असेल तर ‘व्हीजीचेंज -एवाय’ने आतले व्हॉल्यूम जागे करावे लागतील. दुरुस्ती मग ‘/डेव्ह/मॅपर’ खालच्या नावावर चालवायची.

पार्टिशन खरंच ईएक्सटी४ असेल, तर सुपरब्लॉकच्या प्रती डिस्कवर ठरावीक जागी ठेवलेल्या असतात. ४ केबीचे ब्लॉक असतील, जे हल्ली बहुतेक ठिकाणी असतात, तर पहिली प्रत ३२७६८ या ब्लॉकवर, पुढच्या ९८३०४, १६३८४० आणि २२९३७६ वर. मधली अंतरं ओबडधोबड वाटतात, पण हे ३२७६८ चे अनुक्रमे १, ३, ५ आणि ७ पट आहेत. प्रत अशी वापरायची, इथे पहिला ‘बी’ लहान आणि दुसरा कॅपिटल:

ई२एफएससीके -बी ३२७६८ -बी ४०९६ /डेव्ह/एसडीए२

एक चालली नाही तर पुढची. या जागा शोधण्यासाठी ‘एमकेई२एफएस -एन’ चालवा असाही सल्ला मिळतो. ती कमांड ‘-एन’ असेपर्यंतच नुसती माहिती देते. ‘-एन’ टाइप करायचं राहिलं तर ती पार्टिशन फॉरमॅट करते. एवढी जोखीम घेण्यापेक्षा वरचे आकडे वहीत लिहून ठेवलेले बरे.

ईएक्सटी४ नसेल तर

एक्सएफएसवर ‘एफएससीके’ काही न करता यश मिळाल्याचं सांगतं. खरं हत्यार ‘एक्सएफएस_रिपेअर’. ते कीर्द बाकी असल्याची तक्रार करेल. मग लाइव्ह यूएसबीवरून पार्टिशन एकदा माउंट करून लगेच सोडवा, कीर्द पुरी होते, आणि पुन्हा रिपेअर चालवा. कॅपिटल एल हा पर्याय कीर्दच पुसतो. माउंट होतच नसेल तरच, नक्कल काढून, अगदी शेवटी.

बीटीआरएफएसची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे ‘बीटीआरएफएस चेक’ मुळातच फक्त बघतं, आणि ‘--रिपेअर’ लावल्यावर परिस्थिती बिघडू शकते. आधी ‘माउंट -ओ आरओ,रेस्क्यू=यूजबॅकअपरूट’ करून बघा. माउंट झालं तर डेटा काढून घ्या. नाही झालं तर ‘बीटीआरएफएस रिस्टोअर’ माउंट न करताही फाइली दुसरीकडे काढून देतं.

यूईएफआयचं बूट पार्टिशन फॅटमध्ये असतं. तिथली ‘डर्टी बिट’ची तक्रार ‘एफएससीके.फॅट -ए’ने मिटते. विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन अडलं तर ते विंडोजमध्येच, ‘चेकडिस्क’ला ‘/एफ’ लावून दुरुस्त करा. लिनक्सचं ‘एनटीएफएसफिक्स’ फार वरवरचं काम करतं. आणि विंडोजचा ‘फास्ट स्टार्टअप’ बंद ठेवा, कारण तो चालू असताना विंडोज शटडाउन झाल्यासारखं दिसतं पण पार्टिशन अर्धवट उघडं ठेवतं.

लॉस्ट+फाउंड उपसणं

दुरुस्तीनंतर ज्यांचं नाव-गाव हरवलं अशा फाइली त्या पार्टिशनच्या ‘लॉस्ट+फाउंड’ फोल्डरात येतात. नावं असतात #१३१०७५ अशी; तो आयनोडचा क्रमांक. एक्स्टेन्शन नसलं तरी ‘फाइल’ ही कमांड आतला मजकूर पाहून फोटो आहे, पीडीएफ आहे की आणखी काही, ते सांगते:

फाइल /लॉस्ट+फाउंड/* | लेस

कधीकधी अख्खा फोल्डरच क्रमांकाच्या नावाने आलेला असतो आणि आतल्या फाइलींची नावं शाबूत असतात. म्हणून आधी फोल्डर उघडा. सर्वांत मोठा लाभ तिथे होतो. सिस्टमच्या फाइली त्यात दिसल्या तर त्या हाताने जागेवर बसवत बसू नका, ते पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करा. डेबियनच्या घराण्यात ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’ कोणत्या फाइली बदलल्या वा नाहीशा झाल्या ते सांगतं, आरपीएमच्या घराण्यात ‘आरपीएम -व्हीए’, त्यातला व्ही कॅपिटल.

पुन्हा-पुन्हा तेच होत असेल

संदेशात ‘लास्ट माउंट टाइम इज इन द फ्यूचर’ असेल तर फाइल सिस्टम निर्दोष आहे, घड्याळ मागे गेलंय. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, बहुधा सीआर२०३२, संपला की प्रत्येक बूटला तारीख मागे जाते आणि एफएससीकेला वाटतं की हे पार्टिशन भविष्यात माउंट झालं होतं. सेल बदला. रास्पबेरी पाय ४ सारख्या, स्वतःचं घड्याळ नसलेल्या बोर्डवर सेलचा प्रश्नच नाही, तिथे ‘/ईटीसी/ई२एफएससीके.कॉन्फ’ मध्ये ‘ऑप्शन्स’ भागाखाली ‘ब्रोकन_सिस्टम_क्लॉक = १’ लिहिलं की ही कुरकुर थांबते.

घड्याळ बरोबर, डिस्क निरोगी, केबल नवी, आणि तरी दर आठवड्याला नव्या चुका? मग मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं साधन यूएसबीवरून रात्रभर चालवा. खराब रॅममध्ये वही लिहिण्याआधीच बिघडते आणि डिस्क ती चूक इमानेइतबारे जपून ठेवते. मेमटेस्टमध्ये एक जरी लाल ओळ आली तरी रॅमच्या कांड्या एक-एक काढून दोषी शोधा, आणि तोवर त्या मशीनवर कुठलीही दुरुस्ती चालवू नका.

बूट झाल्यावर शेवटची नजर लॉगवर:

जर्नलसीटीएल -बी -यू सिस्टमडी-एफएससीके-रूट
ट्यून२एफएस -एल /डेव्ह/एसडीए२

दुसऱ्या कमांडच्या उत्तरात ‘फाइल सिस्टम स्टेट’ समोर नुसतं ‘क्लीन’ हवं. ‘क्लीन विथ एरर्स’ असेल तर कर्नलला वापरादरम्यान चूक सापडली आहे आणि पुढच्या बूटला तोच काळा पडदा तुमची वाट बघतोय. लाइव्ह यूएसबी खणात परत ठेवायच्या आधी आणखी एक फेरी करून घ्या.